चूळ भरण्याचा इतिहास



आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. सकाळीं उठून आपण पाण्याचा घोट तोंडांत घेतों, खुळखुळतों व टाकून देतों. या कृतीस आपण चूळ भरणें म्हणतों. राजेरजवाड्यांच्या बखरींत तिला स्थान नाहीं. परंतु गेल्या दीडशें वर्षांत पाण्याच्या तांब्याशेजारीं औषधी द्रवाची एक रंगीत बाटली येऊन बसली, आणि आतां अनेक सुशिक्षित घरांतून प्रश्न ऐकूं येतो कीं, या बाटलीस कांहीं नैसर्गिक पर्याय आहे काय? उत्तर देण्यापूर्वीं थोडा इतिहास चाळला पाहिजे. कारण "नैसर्गिक" हा शब्द या प्रकरणांत जितका आकर्षक, तितकाच फसवा आहे.

आपल्या प्राचीन वैद्यकानें या लहानशा कृतीचा विचार फार बारकाईनें केलेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील पांचवा अध्याय पाहावा. दांत दिवसांतून दोन वेळां घासावे, काडीचें टोंक चेचून मऊ करावें, हिरड्यांस इजा होऊं देऊं नये, असें तेथें सांगितलें आहे. जीभ खरवडण्यासाठीं सोनें, रुपें, तांबें, कथील व पितळ यांच्या पट्ट्या सांगितल्या आहेत. सुश्रुतानें काड्यांची निवड रसावरून केली: कडूंत कडुनिंब, तुरटांत खैर, गोडांत मोह व तिखटांत करंज. वाग्भटानें अष्टांगहृदयांत चुळेसाठीं अध्याय खर्ची घातला व तिचे दोन भेद केले. तोंड काठोकाठ भरून न हलवतां धरून ठेवणें तो गंडूष. तोंडांत फिरवितां येईल इतकेंच घेणें तो कवल. तेल, काढा, मध, यांपैकीं कोणत्या विकारांत काय घ्यावें हेंहि त्यानें सांगितलें, आणि ज्वर, अजीर्ण किंवा तोंड आलें असतां काडी वापरूं नये असा निषेधहि घातला. द्रव्य, मात्रा व निषेध, या तिन्ही गोष्टी येथें एकत्र नांदतात, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. चरकाच्या यादींत कण्हेरीची काडीहि आहे, आणि कण्हेर विषारी आहे हें आज शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. म्हणून पोथींत नांव सांपडलें एवढ्यावरून कोणी कुंपणावरील कण्हेर तोडूं नये.

हा विचार पोथींतच राहिला असें मात्र नाहीं. वारणा व मोरणा यांच्या खोऱ्यांतील शिराळ्याचा मुलूख पाहा. नागपंचमीमुळें प्रसिद्ध असलेलें हें बत्तीस शिराळा आज सांगली जिल्ह्यांत मोडतें. १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा वेगळा होईपर्यंत तें साताऱ्यांतच होतें. येथें बांधावर बाभूळ, वेशीवर कडुनिंब, ओढ्याकाठीं करंज, आणि पश्चिमेस चांदोलीच्या रानांत हिरडा व बेहडा. घरांत मीठ, तिळाचें तेल, ओवा आणि लवंग. दांतांचें दुकान मांडण्यास आणखी काय हवें? बाभळीची काडी, मिठाच्या पाण्याची चूळ, दुखऱ्या दाढेंत लवंग, एवढ्यावर पिढ्यान्पिढ्यांचा निभाव लागला. चुलींतील राखुंडीहि होती. पण तिच्या खरखरीतपणामुळें दांतांचें वरचें कवच झिजतें, हेंहि तितकेंच खरें.

या जुन्या मांडणींत सतराव्या शतकाच्या आरंभीं एक परकी पाहुणी शिरली. तिचें नांव तंबाखू. पोर्तुगीजांमार्फत ती दक्षिणेंत आली. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग यानें ती विजापुराहून नेऊन बादशहापुढें ठेवली. पन्हाळ्याभोंवतालचा हा सारा मुलूख त्या वेळीं विजापूरच्याच आदिलशाहींत होता. पुढें १६१७ सालीं जहांगिरानें तंबाखूस मनाई केली, पण मनाईनें व्यसन हटतें तर काय पाहिजे होतें! चिलीम व विडी पुरुषांच्या वांट्यास आली. स्त्रियांच्या वांट्यास आली ती मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजावी, कुटून तिची पूड करावी व बोटानें दांतांस आणि हिरड्यांस लावावी, अशी ही रीति. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यांत ती घरोघर रुजली. दाढ दुखते म्हणून आजीनें चिमूटभर लावून द्यावी आणि तें निमित्त आयुष्यभर सुटूं नये, हाच बहुधा तिचा क्रम. याच भागांत शिक्षकी करीत असतां दांतांवर काळी पुटें घेऊन वर्गांत बसलेल्या लहान मुली मीं पाहिल्या आहेत. त्यांना त्यांत दोष वाटत नसे, कारण त्यांच्या दृष्टीनें तें व्यसन नव्हे, दंतमंजन होतें.

आतां बाटलीचा वंश पाहूं. इ. स. १८६५ मध्यें ग्लासगो येथें जोसेफ लिस्टर या शस्त्रवैद्यानें कार्बोलिक ॲसिडानें जखमा निर्जंतुक राखण्याची पद्धति सुरू केली. त्याच्या कीर्तीचा लाभ घेऊन अमेरिकेंतील सेंट लुई शहरीं जोसेफ लॉरेन्स यानें १८७९ सालीं एक जंतुनाशक द्रव तयार केला व त्याचें नांव लिस्टरिन ठेवलें. आरंभीं तो शस्त्रक्रियेसाठीं होता. १८९५ पासून दंतवैद्यांस विकूं लागले. १९२० नंतरच्या दशकांत तोंडाच्या दुर्गंधीस एक भारदस्त लॅटिन नांव देऊन जाहिरातींनीं असें भय निर्माण केलें कीं, ज्याच्या तोंडास वास त्याचें लग्नच जुळावयाचें नाहीं. सर्दी व घसादुखी टळते, असाहि दावा या द्रवाबाबत अनेक वर्षें चालला. अखेर १९७५ सालीं अमेरिकेच्या व्यापार आयोगानें तो खोटा ठरवून, पुढील जाहिरातींतच त्याची दुरुस्ती छापावी असा हुकूम केला.

पण या बाटलींत होतें तरी काय? मद्यार्काचा सुमारें चतुर्थांश भाग सोडला तर चार सत्त्वें: थायमॉल, मेंथॉल, युकॅलिप्टॉल व मेथिल सॅलिसिलेट. थायमॉल म्हणजे आपलें ओव्याचें फूल. मेंथॉल म्हणजे पुदिन्याचें फूल. युकॅलिप्टॉल निलगिरीच्या तेलांत असतें, व चौथें गंधपुऱ्याच्या तेलांत. पहिल्या महायुद्धापूर्वीं हिंदुस्थानांतील ओवा जहाजांनीं जर्मनीस जात असे व तेथें त्यांतून थायमॉल काढीत. म्हणजे ज्या बाटलीस आपण परकी व कृत्रिम म्हणून दूर सारतों, तिच्या अंगांत आपल्याच फडताळांतील ओव्याचें रक्त आहे! दंतवैद्याच्या दवाखान्यांतील तो ओळखीचा वासहि लवंगेच्या तेलांतील युजेनॉलचा.

तेव्हां घरचें तें भलें व बाटलींतलें तें वाईट, अशी वांटणी इतिहासास मान्य नाहीं. प्रत्येक द्रव्याचें काम व मर्यादा पाहिली पाहिजे. क्लोरहेक्सिडीन नांवाचें संपूर्ण कृत्रिम द्रव्य दांतांवरील जंतूंचा थर आवरतें, हें १९७० सालीं डेन्मार्कांतील संशोधकांनीं दाखविलें. हिरड्यांवरील शस्त्रक्रियेनंतर दंतवैद्य तें देतात. पण तें फार दिवस वापरल्यास दांतांवर तपकिरी डाग पडतात व चव बदलते. म्हणून तें औषध आहे, नित्याची चूळ नव्हे.

नित्याच्या चुळेसाठीं घरांतील साधनें बहुतेकांस पुरतात. पेलाभर कोमट पाण्यांत अर्धा चमचा मीठ घालावें. खाण्याचा सोडा त्याच प्रमाणांत घातल्यास तोंडांतील आंबटपणा कमी होतो. हिरडा, बेहडा व आंवळा यांचा काढा गाळून, निववून घ्यावा. तिळाचें तेल घ्यावयाचें तर चमचाभर पुरे, आणि तें गिळूं नये. लिंबाचा रस किंवा सिरका मात्र रोज दांतांस लावूं नये. आम्लानें दांत विरघळतात. यांपैकीं कोणतीहि चूळ दांत घासण्याची जागा घेत नाहीं. दुर्गंधीचें मूळ बहुतेक वेळां जिभेवरील थरांत किंवा सुजलेल्या हिरड्यांत असतें. ती हटेना तर सुगंधानें झांकण्याऐवजीं दंतवैद्यास दाखवावें.

राहिली मिश्री. तीहि नैसर्गिकच आहे: शेतांत पिकते, चुलीवर भाजते, आईच्या हातून मिळते. तरी पण तिचें फळ पाहा. पुणें जिल्ह्यांतील एक लाखाहून अधिक ग्रामस्थांच्या तोंडांची तपासणी झाली व तिचा अहवाल १९७२ सालीं प्रसिद्ध झाला. तंबाखूच्या सवयी व तोंडांतील कर्करोगपूर्व विकार यांचा संबंध त्यांत उघड झाला. २००४ सालीं मुंबईतील गर्भवती स्त्रियांच्या पाहणींत, मुख्यतः मिश्रीच्या रूपानें तंबाखू वापरणाऱ्या मातांचीं मुलें सरासरीनें सुमारें १०५ ग्रॅम हलकीं भरलीं. १९९२ सालीं सरकारनें दंतमंजनांत तंबाखू घालण्यास बंदी केली, आणि सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं ती कायम केली. पण कायदा कारखान्याच्या दारापर्यंत जातो. घरच्या तव्यापर्यंत पोंचत नाहीं.

तेथें आपणच गेलें पाहिजे. शहरांतील आपल्या घरीं नैसर्गिक चुळेची चर्चा चालते, त्याच वेळीं गांवाकडील आईच्या किंवा मावशीच्या कनवटीस मिश्रीची डबी असते. तिला नुसतें "सोड" म्हणून भागत नाहीं, कारण तंबाखूची ओढ अंगांत मुरलेली असते. ज्या हातानें आपण स्वतःसाठीं बाटली बाजूस सारतों, त्याच हातानें तिला बिनतंबाखूचें मंजन द्यावें, दिवसांतून किती वेळां लावते तें तिच्याशींच बसून मोजावें व एकेक वेळ कमी करावी, आणि एकदां तिचें तोंड डॉक्टरांस दाखवून आणावें. तोंडांत न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा असेल, तर एक दिवसहि दवडूं नये.

पूर्वजांनीं द्रव्य, मात्रा व निषेध एकत्र सांगितले. आपण द्रव्याचें तेवढें कौतुक केलें. निषेधाचीहि आठवण राहावी, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.