दंतवैद्यकाच्या प्रवेशमुलाखतीत नेमके काय तपासले जाते? एक ऐतिहासिक थ्रेड

१/ अमेरिका, कॅनडा वा ब्रिटनमध्ये दंतवैद्यक शिकू इच्छिणारा प्रत्येक विद्यार्थी एका प्रश्नाचे उत्तर घोकत असतो : "तुम्हाला दंतवैद्यच का व्हायचे आहे?" प्रश्न साधा आहे. मात्र तो कोणी, कोणाला आणि कसा विचारावा, याचा इतिहास साधा नाही.

२/ १८४० साली बाल्टिमोर येथे जगातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले. तोवर ही विद्या बहुतांशी उमेदवारी करून शिकली जाई. एखाद्या दंतवैद्याने शिष्य पत्करला की पुरे. महाविद्यालये आली आणि कोणाला आत घ्यायचे, हा निर्णय संस्थांच्या हाती गेला.

३/ १८६१ साली लूसी हॉब्ज यांना सिनसिनाटीच्या ओहायो दंतशल्य महाविद्यालयाने प्रवेश नाकारला. कारण एकच : त्या स्त्री होत्या. त्या खासगीरीत्या शिकल्या, स्वतःचा दवाखाना चालवला. १८६५ साली आयोवाच्या दंतवैद्य संघटनेने त्यांना सदस्यत्व दिले, त्यांची बाजू उचलून धरली, आणि त्याच महाविद्यालयाचे दार उघडले. १८६६ साली दंतवैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

४/ रॉबर्ट टॅनर फ्रीमन यांचे आईवडील पूर्वी गुलामगिरीत होते. कृष्णवर्णीय म्हणून दोन महाविद्यालयांनी त्यांना नाकारले. १८६७ साली सुरू झालेल्या हार्वर्डच्या दंतवैद्यक विद्यालयाने मात्र घेतले. १८६९ च्या पहिल्या तुकडीतील सहा पदवीधरांत ते होते. या दोघांच्याही बाबतीत कौशल्य पाहण्याआधीच नकार तयार होता.

५/ मग मोजता येईल अशी कसोटी हवी, हा विचार पुढे आला. १९५० पासून अमेरिकेत दंतवैद्यकासाठी देशव्यापी अभिवृत्ती चाचणी घेतली जाऊ लागली. तीत अर्जदाराला दिलेल्या आकृतीबरहुकूम खडू कोरावा लागे. १९७२ साली खडू गेला आणि आकृत्यांची लेखी चाचणी आली. खडूला अर्जदाराचे आडनाव ठाऊक नसते.

६/ माणसांना ते ठाऊक असते. अटलांटाच्या एमरी विद्यापीठाच्या दंतवैद्यक विद्यालयात १९४८ ते १९६१ या काळात सुमारे ६५ टक्के ज्यू विद्यार्थी नापास झाले किंवा त्यांना अभ्यासक्रमाचा भाग पुन्हा करावा लागला. प्रवेश-अर्जावर 'कॉकेशियन, ज्यू, इतर' असे रकाने होते. विद्यापीठाने जाहीर क्षमा मागितली ती २०१२ साली!

७/ भारतात हा वाद न्यायालयात गेला. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपते आणि आईवडील कोण, राहता कुठे, असे विचारले जाते, ही अर्जदारांची तक्रार होती.

८/ अजय हासिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलाखत सरसकट रद्द ठरवली नाही. पण एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक भार तिला देणे मनमानीचे ठरेल, असे म्हटले. मुलाखती ध्वनिमुद्रित व्हाव्यात, अशी सूचनाही केली. आज आपल्याकडे बीडीएसचा प्रवेश 'नीट'च्या गुणांवर होतो, मुलाखत नाही.

९/ मग मुलाखत हवीच कशाला? कारण ठणकत्या दाढेने हैराण झालेल्या, घाबरलेल्या माणसाशी कसे बोलावे, हे बहुपर्यायी प्रश्नपत्रिका तपासू शकत नाही. प्रश्न मुलाखतीचा नव्हे, तिच्या रचनेचा आहे.

१०/ कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात या शतकाच्या प्रारंभी 'मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू' ही पद्धत विकसित झाली. एका दीर्घ भेटीऐवजी अनेक छोटे टप्पे. प्रत्येक टप्प्यावर ठरलेला प्रसंग आणि वेगळा परीक्षक. एकाचा पूर्वग्रह साऱ्या निकालावर पसरू नये, हा हेतू. ती वैद्यकासाठी घडली. पुढे अनेक दंतवैद्यक विद्यालयांनीही स्वीकारली.

११/ तयारी करणाऱ्यांना या इतिहासातून एक व्यावहारिक बोध मिळतो. अशा टप्प्यांवर पाठ केलेले भाषण फारसे उपयोगी पडत नाही. तिथे विचार करण्याची रीत पाहिली जाते. सहाध्यायी कॉपी करताना दिसला, रुग्णाने उपचार नाकारला, तर तुम्ही काय कराल? दोन्ही बाजू मांडा, निर्णय घ्या, त्याचे कारण द्या. दवाखान्यात प्रत्यक्ष पाहिलेला एखादा प्रसंग नेमकेपणाने सांगता आला, तर तो दहा सुभाषितांहून मोलाचा.

१२/ लूसी हॉब्ज यांना आपले काम दाखवण्याआधीच निकाल ऐकावा लागला होता. आज परीक्षकासमोर ठरलेला प्रश्न आणि गुणांचा तक्ता असतो, तो अशाच नकारांतून शिकलेला धडा आहे. तो तक्ता जिथे नाही, तिथे मुलाखतीची जागा ओळखपरेडने घेतली असण्याची शक्यता आजही तेवढीच आहे.