आजीच्या चुलीचा जमाखर्च

आजीची आठवण निघाली म्हणजे आपण तिच्या हातच्या चवीचे गोडवे गातो. मी कामगार संघटनेत वावरलेला मनुष्य. मला त्या हातांच्या कष्टांचा हिशेब मांडावासा वाटतो. मीरा-भाईंदरात आज अशी कितीतरी कुटुंबे आहेत, की ज्यांची मागची पिढी लालबाग-परळच्या चाळीत नांदली आणि १९८२ च्या गिरणीसंपानंतर इकडे आली. तेव्हा हा इतिहास आपल्या घरचाच आहे.

मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. पुढे गिरण्या वाढल्या, तसे कोकणातून व घाटावरून पुरुष आले. बायकामुले बहुधा गावीच राहिली. एकेका खोलीत अनेकजण पाळीपाळीने निजत. त्यांच्या पोटाची सोय खाणावळवाल्या बायांनी केली. सकाळची पाळी गाठणाऱ्याचा डबा वेळेवर तयार हवा, म्हणून त्यांची चूल पहाटे पेटे. आणि रात्रपाळीचा माणूस परतला की त्यालाही ताट वाढावे लागे. पाणी, दळण, निवडणे, भांडी ही कामे त्याखेरीज.

आता व्यवहार पाहा. गिरणीचा पगार महिना भरल्यावर, तोही उशिरा मिळे. तोवर कामगार जेवे उधारीवर आणि बाई वाण्याकडून माल आणी तोही उधारीवर. म्हणजे मजुरी थकवी मालक, आणि त्या दिवसांचे भांडवल घाली ही निरक्षर बाई! १९२८ चा संप सुमारे सहा महिने चालला. पुढाऱ्यांची भाषणे इतिहासात आली. पण पगार बंद असताना भूक बंद राहत नाही. अशा वेळी ज्या चुली उधारीवर पेटत राहिल्या, त्यांची नोंद कोणी ठेवली?

ती उणीव ओळखली प्रेमा पुरव यांनी. गोवा मुक्तिलढ्यातून कामगार चळवळीत आलेल्या या बाईंनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापले आणि खाणावळवाल्यांना सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. बायकांचे रांधणे हा उद्योग आहे, हे बँकेच्या वहीत चढले.

जिने खाणावळ न घालता आपल्याच घरचे दहाजण पोसले, तिची वही मात्र अजून कोरीच आहे. घरी म्हातारी असेल, तर तिला विचारा: किती वाजता उठत होतीस? पंक्तीला माणसे किती? कोणता दागिना गहाण पडला, आणि तो सुटला का? उत्तरे तारखेनिशी लिहून ठेवा. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. त्या चुलींचे साक्षीदार आता थोडेच उरले आहेत.