अकरावीची शेवटची, दहावीची पहिली तुकडी

मार्च १९७५ मध्ये जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली तुकडी एकाच वर्षी एस.एस.सी.ला बसली. आपल्या गावात थोरला अकरावीत आणि धाकटा दहावीत, अशी घरे होती. आमचेही त्यातलेच. मी दहावीचा.

घरातली वडीलधारी माणसे या परीक्षेला शेवटपर्यंत ‘मॅट्रिक’च म्हणत. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले आणि १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली. न्यायमूर्ती रानडे त्या पहिल्या तुकडीतले. मॅट्रिक ही मुळात विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा. स्वातंत्र्यानंतर तिच्या जागी एस.एस.सी. आली, ती शालान्त परीक्षा म्हणून. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचवलेल्या वाटेने १०+२+३ चा आकृतिबंध आला आणि एस.एस.सी. अकरावीवरून दहावीवर आली.

उजळणी म्हणजे जुन्या प्रश्नपत्रिका सोडवणे. थोरल्या भावाकडे त्यांचा गठ्ठा होता, आमच्याकडे एकही नव्हती. आमच्याआधी ती परीक्षा कोणी दिलीच नव्हती! गणितात ‘संच’ आले होते. सर आदल्या रात्री ते स्वतः शिकत आणि सकाळी आम्हाला शिकवत. दिवाळीनंतर ते रोज एक प्रश्नपत्रिका फळ्यावर लिहून देत. रात्री शाळेतच कंदिलाभोवती अभ्यास चाले. तिथेच सतरंजीवर झोपायचे आणि पहाटे शिपाईमामांनी उठवायचे.

परीक्षा केंद्र तालुक्याला. मुलींना पाठवायला घरचे तयार नव्हते. मग मराठीच्या बाई घरोघर गेल्या. तालुक्याला एक खोली घेऊन परीक्षा संपेपर्यंत त्या मुलींसोबत राहिल्या. आज आपल्या वर्गातल्या ज्या भगिनी शिक्षिका, परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या, त्यांच्या नोकरीची सुरुवात त्या खोलीत झाली, असे मी मानतो.

एक नोंद मात्र राहून जाते. आपण आठवीत असताना १९७२चा दुष्काळ पडला. वर्गातले काहीजण आईवडिलांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. त्यातले काही शाळेत परत आलेच नाहीत. काही परीक्षेला बसले, पण इंग्रजी-गणितात अडकले आणि पुन्हा बसले नाहीत. या मेळाव्याची निमंत्रणे निकालाच्या यादीवरून गेली, त्यामुळे ते कोणीच त्या यादीत नाहीत.

परीक्षेचा इतिहास निकालपत्रकावरून लिहिला की तो उत्तीर्णांचाच होतो. आपल्या वर्गाचा इतिहास मात्र हजेरीपटावर आहे. आठवीचा हजेरीपट शाळेत असेल, तर पुढच्या मेळाव्याची यादी त्यावरून करावी, अशी समितीला विनंती. ज्यांचे पत्ते मला ठाऊक आहेत, त्यांच्याकडे निमंत्रण घेऊन मी स्वतः जाईन.