तीन दिवसांचं गॅलॅक्टिका

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं. त्याच्या दोनच आठवडे आधी, १५ नोव्हेंबरला, मेटाने खास संशोधकांसाठी ‘गॅलॅक्टिका’ नावाचं मॉडेल खुलं केलं होतं, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? ४ कोटी ८० लाख शोधनिबंध, पाठ्यपुस्तकं, नोट्स वगैरेंवर ते तयार झालेलं. लिटरेचर रिव्ह्यूसुद्धा लिहून देणार म्हणे! लोकांनी गंमत म्हणून विचारलं, तर अंतराळातल्या अस्वलांचा इतिहासही त्याने गंभीरपणे लिहून दिला. खऱ्या शास्त्रज्ञांच्या नावावर त्यांनी कधीच न लिहिलेले निबंध खपवले. तिसऱ्या दिवशी डेमो बंद.

मग चॅटजीपीटी कसं टिकलं? खोटे संदर्भ तेही देत होतंच. माझ्या मते फरक दाव्याचा होता. गॅलॅक्टिका ‘विज्ञान’ सांगत होतं, म्हणून तज्ज्ञ लगेच तपासायला बसले. चॅटजीपीटीकडे लोक गप्पा मारायला गेले. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी त्याने रचलेले खटले दाखले म्हणून दिले, तेव्हा ५,००० डॉलर दंड बसला.

दोन्ही मॉडेल्स पुढचा संभाव्य शब्दच निवडतात. नाव, वर्ष, जर्नल, सगळं साच्यात नीट बसतं. म्हणून सिनॉप्सिस देण्याआधी प्रत्येक डीओआय स्वतः उघडा. कधीकधी तिथे भलताच पेपर निघतो.