अळूचं फदफदं आणि फॉलिक ॲसिडची गोळी

परवा भाचीचा पुण्याहून फोन आला. तिला दिवस गेलेत. म्हणाली, "मावशी, डॉक्टरांनी फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्यात. त्या घेऊ, की तुझं अळूचं फदफदं खाऊ?"

हसू आलं खरं, पण लगेच उत्तर देववेना.

या गोळीचा इतिहास आपल्या मुंबईतला आहे. १९२८ साली डॉ. लुसी विल्स ही इंग्रज बाई तिथे आली. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांना पंडुरोग होत असे, काही त्यात दगावतही. लुसीबाईंनी त्यांचं खाणंपिणं तपासलं. मार्माइट नावाचा यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर त्या बायका सुधारू लागल्या. १९३१ साली बाईंनी ते प्रसिद्ध केलं, पण अर्कात गुण नेमका कशाचा, ते कळलं नव्हतं. पुढे १९४१ साली अमेरिकेत चार टन पालकातून एक द्रव्य वेगळं काढलं गेलं. लॅटिनमधल्या 'पान' या शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं. म्हणजे गोळीच्या नावातच पालेभाजी आहे!

आता फदफद्याविषयी. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो. म्हणून आई चिंच घालून अळू मंद आचेवर अगदी गाळ शिजवायची. मग डाळीचं पीठ लावून घोटायची. पानांतलं कॅरोटीन अशा शिजण्याने आणि फोडणीच्या तेलाने अंगी लागतं. मात्र फॉलेट आणि क जीवनसत्त्व फार वेळ शिजवल्याने घटतं, पाण्यातही उतरतं. फदफद्याचं पाणी पातेल्यातच राहतं, तेवढं तरी वाचतं. मी मात्र अंबाडीचं पाणी आंबट म्हणून वर्षानुवर्षं ओतून दिलं.

आई सगळ्यांत शेवटी जेवायची, तळाशी उरलेलं. धाकट्या भावाच्या वेळी ती पांढरीफटक पडली होती. "या दिवसांत असं व्हायचंच," असं घरातले म्हणत. लुसीबाईंच्या शोधाला तेव्हा वीसहून जास्त वर्षं झाली होती, पण तो आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला नव्हता.

असो. भाचीला सांगितलं, "गोळी एकही चुकवू नकोस. भाजीही खा. आणि हो, सगळ्यांबरोबर जेवायला बस."