बेरिलियम विकार : मापन व नियंत्रण यांचा इतिहास

बेरिलियम हा धातू अथवा त्याची संयुगे यांची धूळ किंवा धूर श्वासावाटे शरीरात गेल्यामुळे होणाऱ्या व्यावसायिक रोगास बेरिलियम विकार म्हणतात. याचे दोन प्रकार आहेत. मोठ्या मात्रेच्या संपर्कानंतर थोड्याच काळात होणारा फुप्फुसदाह हा तीव्र प्रकार होय. चिरकारी प्रकारात फुप्फुसांत कणार्बुदे तयार होतात. हा प्रकार संपर्क थांबल्यावर कित्येक वर्षांनीही उद्‌भवतो. कोरडा खोकला, धाप, थकवा व वजनातील घट ही त्याची लक्षणे क्षयरोग आणि सार्कॉइडोसिस यांच्याशी मिळतीजुळती असल्याने, रुग्णाच्या व्यवसायाची चौकशी न केल्यास निदान चुकते.

बेरिलियमाचा शोध फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल्वी निकोला व्होक्लँ यांनी १७९८ मध्ये बेरिल या खनिजात लावला. त्याची संयुगे चवीला गोड लागत असल्याने त्यास प्रारंभी ग्लुसिनियम असेही नाव होते. या धातूचा अणुक्रमांक ४ असून घनता सु. १.८५ आहे. तो ॲल्युमिनियमापेक्षा हलका, पोलादापेक्षा अधिक ताठर व सु. १,२८७° से. पर्यंत न वितळणारा आहे. न्यूट्रॉन परावर्तित करण्याच्या गुणामुळे अणुभट्ट्यांत, तर हलकेपणा व ताठरपणा यांमुळे अवकाशयानांत त्याचा उपयोग होऊ लागला.

रोगाची ओळख : बेरिलियमाचे निष्कर्षण करणाऱ्या कामगारांतील श्वसनविकारांची वृत्ते जर्मनी व सोव्हिएट रशिया येथून १९३३–३६ या काळात प्रसिद्ध झाली. तथापि ती सर्वमान्य झाली नाहीत. दोष बेरिलियमाचा नसून त्याच्याबरोबर असलेल्या फ्ल्युओराइडासारख्या घटकांचा आहे, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९४३ मध्ये काढला. त्याच वर्षी व्हॅन ऑर्डस्ट्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायओ राज्यातील कामगारांत आढळलेल्या तीव्र फुप्फुसदाहाचे वर्णन केले. ट्यूबलाइट या नावाने परिचित असलेल्या दिव्यांच्या आतील लेपात त्या वेळी बेरिलियमाचे संयुग वापरीत. मॅसॅचूसेट्स राज्यातील सेलम येथे असे दिवे बनविणाऱ्या कारखान्यातील १७ रुग्णांची माहिती हॅरिएट हार्डी व इर्व्हिंग टॅबरशॉ यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या. विलंबाने होणाऱ्या चिरकारी रोगाची ओळख या वृत्तामुळे पटली. दिव्यांतील बेरिलियमाचा वापर १९४९ मध्ये थांबविण्यात आला.

याहून धक्कादायक माहिती ओहायओतील लोरेन येथे मिळाली. तेथील बेरिलियम कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्या, पण कारखान्यात कधीही काम न केलेल्या ११ जणांना हा रोग झाल्याचे आढळले. त्यांपैकी १० जण कारखान्यापासून सु. १.२ किमी. च्या आत राहत होते. उरलेल्या रुग्णाचा संपर्क घरी आणलेल्या कामगाराच्या कपड्यांतून आला होता. कारखान्याची भिंत ही धोक्याची सीमा नव्हे, हे यावरून स्पष्ट झाले.

मर्यादेचा इतिहास : अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगासाठी मेरिल आयझनबड व विलर्ड मॅकल यांनी १९४८–४९ मध्ये मर्यादा सुचविल्या. रोग्यांच्या संपर्काची मोजमापे फारशी उपलब्ध नसल्याने, त्यांनी जड विषारी धातूंसाठी रूढ असलेली मर्यादा घेऊन अणुभारांच्या प्रमाणात ती कमी केली व सुरक्षिततेसाठी आणखी घट करून, आठ तासांच्या सरासरीने प्रति घ. मी. हवेत २ मायक्रोग्रॅम हा आकडा ठरविला. परिसरातील हवेसाठी ०.०१ मायक्रोग्रॅम ही मर्यादा मात्र लोरेन येथील पाहणीवर आधारलेली होती. पहिल्या आकड्याची चर्चा टॅक्सीतून जाताना झाली, अशी हकीकत असल्याने पुढे त्यास 'टॅक्सी मानक' असे विनोदाने म्हटले जाऊ लागले.

या मर्यादेने तीव्र प्रकार जवळजवळ नाहीसा केला. चिरकारी प्रकार मात्र उरला. याचे कारण रोगाच्या स्वरूपात आहे. हा रोग साध्या विषबाधेचा नसून प्रतिरक्षा यंत्रणेच्या अतिसंवेदनशीलतेचा आहे. काही व्यक्तींत विशिष्ट जननिक घटकामुळे ही संवेदनशीलता सहज निर्माण होते, असे १९९३ मध्ये दिसून आले. त्यामुळे एकाला निरुपद्रवी ठरणारी मात्रा दुसऱ्याला घातक ठरू शकते. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बेरिलियमाची गणना मानवातील निश्चित कर्करोगजनकांत केली. अमेरिकेने २०१७ मध्ये कामगारांसाठीची मर्यादा ०.२ मायक्रोग्रॅम, म्हणजे पूर्वीच्या दशांशावर आणली. ६८ वर्षे टिकलेला आकडा बदलला, तो अशा रीतीने.

मापन : कामगाराच्या गळपट्टीजवळ लहान गाळणी लावून कमरेच्या पंपाने हवा ओढली जाते. मिनिटास २ लिटर या वेगाने आठ तासांत सु. १ घ. मी. हवा गाळली जाते. यावरून २०१७ च्या मर्यादेइतकी धूळ असल्यास गाळणीवर ग्रॅमच्या एक कोटी भागांपैकी केवळ दोन भाग बेरिलियम जमेल, हे ध्यानात येईल. ते वर्णपटीय पद्धतीने मोजतात. हवेबरोबरच यंत्रे, टेबले व फरशी यांचे १०० चौ. सेंमी. क्षेत्र पुसून त्यावरील धूळही तपासतात. कामगारांच्या रक्तातील लसीका कोशिका बेरिलियमाच्या संपर्कात वाढतात की नाही, हे पाहणाऱ्या चाचणीने रोगाची लक्षणे दिसण्यापूर्वीच संवेदनशीलता कळते.

भारतातील स्थिती : बेरिल हे खनिज राजस्थान, झारखंड व आंध्र प्रदेश येथील पेग्मटाइट खडकांत सापडते. ठाणे खाडीच्या पूर्वेस पनवेलपर्यंत पसरलेल्या नवी मुंबईतील वाशी येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने बेरिलियम निर्मितीचे संयंत्र उभारले. अवकाश कार्यक्रमास लागणारा शुद्ध धातू देशातच तयार करणे हा त्यामागील एक हेतू होता. तुर्भे (ट्रॉम्बे) येथील पूर्णिमा–२ (१९८४) या अणुभट्टीत बेरिलियम ऑक्साइडाचे परावर्तक होते. हे कार्य सुरू होण्यापूर्वीच सेलम व लोरेन येथील अनुभव जगापुढे आलेला होता. बंदिस्त पेट्यांतून काम, धूळ उगमापाशीच ओढून घेणारे वायुवीजन, बाहेर सोडलेल्या हवेचे सूक्ष्म गाळण, कामानंतर स्नान आणि कपड्यांची वेगळी धुलाई हे या उद्योगाचे सर्वत्र मान्य झालेले नियम त्याच अनुभवातून आले आहेत.

कारखाना अधिनियमाच्या १९८७ मधील दुरुस्तीनंतर बेरिलियमाची मर्यादा प्रति घ. मी. ०.००२ मिग्रॅ. अशी देण्यात आली व बेरिलियम विषबाधेचा समावेश सूचनीय रोगांत झाला. म्हणजे १९४९ चाच आकडा भारतीय कायद्यात आला. अणुऊर्जा खात्याच्या संयंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची (स्थापना १९८३) देखरेख असते. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात येऊन तिने कारखाना अधिनियमाची जागा घेतली.

मोठ्या संयंत्रांपेक्षा लहान कर्मशाळांत हा धोका अधिक दुर्लक्षिला जातो. तांबे–बेरिलियम मिश्रधातूत बेरिलियम सु. २ टक्केच असते. या मिश्रधातूच्या स्प्रिंगा, विद्युत्-जोड व ज्वालाग्राही द्रव्यांजवळ वापरायची ठिणगी न उडणारी हत्यारे तयार स्थितीत निर्धोक असतात. तीच हत्यारे सहाणेवर घासली, कापली वा वितळजोडली, तर श्वसनयोग्य धूळ अथवा धूर निर्माण होतो. हत्याराला धार लावणाऱ्या कारागिरास त्यातील धातूचे नावही बहुधा ठाऊक नसते. मालावर घटकांची नोंद, ओले घर्षण, उगमापाशी धूळशोषण व घरी जाण्यापूर्वी कपडे बदलणे या उपायांना विशेष खर्च येत नाही. चिरकारी विकारावर स्टेरॉइड औषधांनी लक्षणे आटोक्यात ठेवता येतात, पण रोग समूळ बरा होत नाही. म्हणून हवेतील मर्यादा पाळणे हा प्रतिबंधाचा आरंभ होय, शेवट नव्हे.