तबकडी बरोबर, पॅड चूक

गाडीचे ब्रेक सुधारू पाहणारा आधी मोठ्या डिस्कची चौकशी करतो. पॅड त्याला मागाहून आठवतात. डिस्क ब्रेकच्या आद्य पुरस्कर्त्याची अडचणही पॅडचीच होती. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये फिरत्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले. कल्पना अचूक होती, पण पॅड तांब्याचे! धातूवर धातू घासला की कानठळ्या बसवणारी किंचाळी उठे.

१९०७ मध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी त्यावर अ‍ॅस्बेस्टॉसच्या लायनरचा तोडगा काढला. (डर्बीशरच्या उतारांवर गाडीवान ब्रेकला जुने बूट ठोकत, ते पाहून फ्रूड या विषयाकडे वळले, असे सांगतात.) आवाज शमला, लायनर टिकू लागले. डिस्कला प्रतिष्ठा मात्र १९५३ च्या ल मां शर्यतीने दिली. तेथे डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप जिंकली. दोनच वर्षांत सित्रोएन डीएस या घरगुती मोटारीच्या पुढच्या चाकांना डिस्क आल्या.

त्या शांततेची किंमत कारखान्यांतील कामगारांनी आणि मेकॅनिकांनी फुप्फुसांत धूळ साठवून मोजली. ब्रिटनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी यायला १९९९ साल उजाडले.